तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता घरी काय जपायचं?

गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना आणि मिश्री अजून घराघरांत आहे. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट अनेक गावांत सापडतात. ऑपरेशनसाठी लोक पैसा उभा करतात, मुंबईच्या टाटापर्यंत जातात. पण टाके निघाले की "झालं बरं" म्हणून कामाला लागतात. खरी काळजी तिथून पुढे घ्यायची असते.

ऑपरेशनमध्ये काय करतात?
गालाचा, जिभेचा किंवा जबड्याचा रोगट भाग काढतात. सोबत मानेतल्या गाठीही काढतात, कारण रोग बहुतेक आधी तिथेच पसरतो. मोकळी जागा भरायला छातीचं, हाताचं किंवा पायाचं मांस-कातडी लावतात. याला फ्लॅप म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस त्याचा रंग सारखा बघतात. तो निळा-काळा किंवा पांढराफटक पडला तर रक्तपुरवठा अडकलाय असं समजतात, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं.

नाकातली नळी
जखम भरेपर्यंत जेवण नळीतून असतं. दूध, पेज, डाळीचं पाणी गाळून, दवाखान्यात सांगितलेल्या मापानेच द्या. पेशंटला आडवं ठेवून कधीच देऊ नका. देताना बसवा, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास बसूनच ठेवा. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडा, म्हणजे नळी तुंबत नाही. नळी निघाली तर घरी घालू नका. गळ्याला श्वासाची नळी असेल तर अंघोळीचं पाणी आत जाऊ देऊ नका. मळणीची धूळ आणि फवारणी यापासून पेशंटला लांब ठेवा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका
- तोंडातून किंवा मानेतून ताजं रक्त: स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा.
- श्वास लागणे, घरघर: लगेच १०८.
- मानेच्या जखमेतून लाळ किंवा जेवण बाहेर येणे.
- मानेच्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी येणे.
- ताप, पू, घाण वास, जखमेभोवती लाली.
जखमेवर हळद, राख, झाडपाला काहीही लावू नका.

खांदा आणि जबडा
मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या शिरेला ताण बसतो. हात वर जात नाही, खांदा दुखतो. व्यायाम केला नाही तर खांदा आखडतो. तोंड उघडण्याचा व्यायामही डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज चार-पाच वेळा करावा. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून हळूहळू एकेक वाढवतात. साधारण तीन बोटं मावतील इतकं तोंड उघडणं चांगलं.

लाईट मधेच सोडू नका
रेडिएशन म्हणजे आपल्याकडे ज्याला लाईट किंवा शेक म्हणतात ते. सगळ्यांनाच लागत नाही. लागलं तर ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतं. पेरणी आली, सुगी आली म्हणून खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. खराब दात आधीच काढून घ्या. लाईटनंतर परस्पर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका.

तपासणी आणि खर्च
रोग उलटला तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत उलटतो. त्यामुळे दुखत नसलं तरी दिलेल्या तारखेला जाच. मानेला लाईट दिली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी करतात. ऑपरेशन आणि लाईटसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला आधी भेटा. उपचारासाठी जाताना डॉक्टरांच्या दाखल्यावर रेल्वेत पेशंटला आणि सोबत्याला सवलत मिळते.

तंबाखू पुन्हा सुरू झाली तर जखम उशिरा भरते आणि नवा कॅन्सर होण्याचा धोका राहतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे. घरातल्या बाकीच्यांनीही पेशंटसमोर मळणं बंद करा. फाईलमधल्या सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरला तेच दाखवावे लागतात.