तोफेच्या तोंडातली किल्ली

आयर्लंडमध्ये दिवाळीचा किल्ला करणं हा अवघड उद्योग आहे. माती भरपूर, पण पाऊस तिला टिकू देत नाही. मागच्या दिवाळीत डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये एका मित्राकडे फराळाला गेलो होतो. त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. तिने किल्ला संगणकावर केला होता, आणि त्याचा खेळ केला होता. खेळणारा रात्री गडावर अडकलेला आहे, महादरवाजा बंद झालाय, आणि चोरदरवाजाची किल्ली शोधून त्याला बाहेर पडायचंय. मैत्रिणींशी पैज लावून शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत तिने हे पूर्ण केलं होतं.

पहिले खेळाडू होते बेळगावहून मुलाकडे महिनाभर आलेले एक काका. त्यांनी चोरदरवाजावर पाच-सहा वेळा क्लिक केलं. मग बुरुजावरच्या तोफेवर केलं. काहीच झालं नाही. पुन्हा दरवाजा. "अहो काका, तोफेत बघा ना, आधी मशाल घ्या, मग तोफेत!" असं म्हणत तिने शेवटी माउस स्वतःच्याच हातात घेतला आणि किल्ली काढून दाखवली. आम्ही सगळे "वा, मस्तच!" म्हणालो. काका मात्र हसत म्हणाले, "अगं, तुझा किल्ला अभेद्य आहे बघ. मला काही कळलंच नाही." तिने लॅपटॉप मिटला आणि ती वरच्या खोलीत निघून गेली.

काकांनी असं बोलायला नको होतं, असं नंतर दोघा-तिघांनी दबक्या आवाजात म्हटलं. मला तेव्हाही ते पटलं नाही. पण आमच्या "मस्तच"पेक्षा काकांचं बोलणं जास्त मोलाचं का होतं, हे तिला समजेल असं सांगायचं तर या प्रकारच्या खेळांच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं. कारण या खेळांचा इतिहास बराचसा खेळणाऱ्यांनी काय सांगितलं आणि करणाऱ्यांनी ते कसं ऐकलं, याचाच इतिहास आहे.

ज्या खेळावरून या साऱ्या प्रकाराला 'अ‍ॅडव्हेंचर' हे नाव पडलं, तो एका हौशी माणसाने आपल्या मुलींसाठी लिहिला होता. विल क्राउथर हा अमेरिकेत बोस्टनजवळ बीबीएन या कंपनीत प्रोग्रामर होता. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची यंत्रणा याच कंपनीने उभारली होती. क्राउथर आणि त्याची पत्नी पॅट दोघंही गुहा धुंडाळणारे. केंटकीतल्या मॅमथ केव्ह आणि फ्लिंट रिज या दोन प्रचंड गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे 1972 साली ज्या तुकडीने शोधून काढलं, तिच्यात पॅट होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुलींशी तुटत चाललेला धागा सांधावा म्हणून 1975-76च्या सुमारास क्राउथरने एक खेळ लिहिला. त्यात ओळखीच्या गुहेचा नकाशा होता, थोडी जादू होती, आणि साध्या इंग्रजीत एक-दोन शब्द टाइप करून हुकूम द्यायची सोय होती. चित्रं अजिबात नव्हती. त्या यंत्रावर फाइलच्या नावाला सहाच अक्षरं चालत, म्हणून नाव पडलं 'अ‍ॅडव्हेंट'.

मुलींना खेळ आवडला. क्राउथरला तेवढंच हवं होतं. खेळ कामाच्या संगणकावर तसाच राहिला आणि नेटवर्कवरून इकडेतिकडे पसरत गेला. तो स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉन वुड्स नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती लागला. खेळ अर्धवट होता, त्यात चुका होत्या. वुड्सला मूळ प्रोग्राम हवा होता, पण क्राउथर कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा नेटवर्कवर जेवढे संगणक होते, त्या प्रत्येकावरच्या 'क्राउथर' या नावाला त्याने पत्र धाडलं. एक पत्र बरोबर पोचलं. क्राउथरने प्रोग्राम देऊन टाकला आणि 1977 साली वुड्सने तो वाढवून पूर्ण केला. खजिने वाढवले, ट्रोल आणि ज्वालामुखी आणला, साडेतीनशे गुणांची मोजणी घातली. जगभर गेला तो हा खेळ.

वुड्सचं ते पत्र म्हणजे एका नवख्याच्या छोट्या खेळाला मिळालेला अभिप्रायच. त्यात स्तुती होती, पण ती 'छान' या शब्दात नव्हती. 'तुझ्या खेळात दोष आहेत, आणि ते दुरुस्त करण्यात माझा वेळ घालवावा इतका तो मला आवडलाय' अशी ती स्तुती होती. पुढे क्राउथरचा मूळ प्रोग्राम हरवला असं जवळजवळ तीस वर्षं सगळे धरून चालले होते. तो सापडला तोही वुड्सच्याच स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या जपून ठेवलेल्या प्रतीत. एका मन लावून खेळणाऱ्यामुळे मूळ कृती वाचली!

दुसरी गोष्ट एमआयटीतली. 'अ‍ॅडव्हेंट' खेळून संपवलेल्या चौघांनी, म्हणजे टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी, 1977 साली 'झॉर्क' लिहायला घेतला. त्यांच्या संगणकावर बाहेरच्यांना येऊन खेळायला फारशी आडकाठी नव्हती, त्यामुळे नेटवर्कवरून लोक खेळू लागले तेव्हा खेळ अजून बनतच होता. लोक कुठे अडतात, कुठले शब्द टाइप करतात, हे पाहत पाहत तो वाढत गेला. 'अ‍ॅडव्हेंट'ला एक-दोन शब्दांचेच हुकूम कळत, तेही प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरं वाचून. 'झॉर्क'ला बऱ्यापैकी लांब वाक्यं समजू लागली. या मंडळींपैकी काहींनी 1979 साली इन्फोकॉम ही कंपनी काढली. तिच्या खेळांत 'स्क्रिप्ट' असा एक हुकूम असे. तो दिला की खेळणाऱ्याने लिहिलेलं आणि खेळाने दिलेलं उत्तर, दोन्ही कागदावर छापून निघे.

चाचणी घेणाऱ्याच्या हातात असा कागद आला की त्याला मताची गरज उरत नाही. "खेळ कसा वाटला?" असं विचारलं तर माणूस सभ्यपणे काहीतरी सांगतो. पण त्याने एकाच दारावर पाच वेळा डोकं आपटलं, हे कागद लपवत नाही. खेळणाऱ्याने केलेली प्रत्येक चुकीची खटपट ही त्याने खेळाला विचारलेली शंका असते. खेळाने तिला उत्तर दिलं नाही, तर तो समजतो की इथे काही नाही, आणि पुढे सरकतो. काका तोफेवरून दरवाज्याकडे परत वळले ते याच कारणाने.

इन्फोकॉम 1989 साली बंद पडली. शब्दांवर चालणारे खेळ बाजारातून गेले आणि पुन्हा हौशी लोकांकडे आले. 1995 साली त्यांची एक वार्षिक स्पर्धा सुरू झाली. तिचा नियम मजेशीर होता: परीक्षक कुणीही होऊ शकतं, पण त्याने एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास द्यायचे आणि तेवढ्यावरून एक ते दहामध्ये गुण द्यायचे. या एका नियमामुळे लहान खेळांना मान मिळाला. मग 2002 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 'इंडी गेम जॅम' भरलं, आणि त्याच वर्षी जेफ हाउलँड याने 'लुडम डेअर' सुरू केलं. ठरलेला विषय, 48 तास, एकट्याने खेळ पूर्ण करायचा. तिथे गुण देणारे परीक्षक म्हणजे भाग घेणारेच. तुम्ही दुसऱ्यांचे खेळ खेळून त्यावर लिहिलंत, तर तुमचा खेळ लोकांसमोर येण्याची शक्यता वाढते. 2009 साली सुरू झालेल्या 'ग्लोबल गेम जॅम'ने तर स्पर्धाच काढून टाकली. पहिल्याच वर्षी 23 देशांत 53 ठिकाणी लोक जमले, आणि क्रमांक कुणालाच मिळाला नाही.

आपल्याकडच्या वाचकांना यात पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आठवेल. 1963पासून महाविद्यालयीन मुलं तिथे एकांकिका करतायत आणि भरत नाट्य मंदिरातलं पोरांचं प्रेक्षागृह आरडाओरड्याने दणाणून सोडतंय. त्या प्रेक्षकाला तोंड दिलेला नट पुढे कशालाच घाबरत नाही, असं म्हणतात. ते खरंही असेल. पण आरडाओरड्यातून धीर मिळतो, दुरुस्ती मिळत नाही. हे डब्लिनलाही चांगलं ठाऊक आहे. जानेवारी 1907मध्ये इथल्या अ‍ॅबी थिएटरात जॉन मिलिंग्टन सिंगचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' आलं, तेव्हा आयरिश खेडुतांची बदनामी झाली म्हणून प्रेक्षकांनी आठवडाभर गोंधळ घातला. पोलीस बोलवावे लागले. आज ते नाटक आयर्लंडचं वैभव मानलं जातं. त्या आठवड्यात सिंगला प्रतिक्रिया भरपूर मिळाली. कुठला प्रवेश रेंगाळतो, हे मात्र त्या गोंगाटात कुणालाच सांगता आलं नसणार. निवाडा आणि निरीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्याच्या उपयोगाची असते ती दुसरी.

आयर्लंडने या इतिहासात स्वतःची भर घातली ती 2011 साली, कॉर्क शहरात. जेम्स व्हेल्टन या शाळकरी मुलाने अ‍ॅपलच्या आयपॉड नॅनोत शिरकाव करून दाखवला होता. त्याचं नाव झालं, तशी बाकीची मुलं त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. शाळेतल्या या क्लबवरून पुढे उद्योजक बिल लियाव यांच्या साथीने 'कोडरडोजो' उभं राहिलं. पहिलं सत्र 23 जुलै 2011 रोजी कॉर्कमध्ये झालं. सात ते सतरा वयाच्या मुलांसाठी, फी नाही, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. नियम एकच, ज्याचा मथितार्थ असा: इतरांशी चांगलं वागा. काही वर्षांत ही डोजो जगभर पसरली, आणि 2017 साली ही संस्था ब्रिटनच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनमध्ये सामील झाली. 2012पासून डब्लिनमध्ये 'कूलेस्ट प्रोजेक्ट्स' नावाचा मेळावाही भरू लागला. तिथे मूल आपली कलाकृती टेबलावर मांडतं आणि येणारा-जाणारा तिला हात लावून पाहतो. आपल्या देखत अनोळखी माणूस आपलाच खेळ खेळताना बघणं, हे मोठ्यांनाही जड जातं. इथे दहा वर्षांची मुलं ते करतात.

अशा डोजोंमध्ये बरीच मुलं 'स्क्रॅच' वापरतात. एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 साली ते खुलं केलं. त्यात दुसऱ्याने केलेल्या कुठल्याही खेळाची आतली रचना एका बटणाने उघडून बघता येते, आणि दुसऱ्या बटणाने आपली सुधारित आवृत्ती करता येते. मूळ कर्त्याचं नाव आपोआप सोबत राहतं. डॉन वुड्सला ज्यासाठी नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाला पत्र पाठवावं लागलं, ते आता ल्यूकनमधल्या मुलीला बोटाच्या टोकावर मिळालंय. तिचा किल्लाही 'स्क्रॅच'मध्येच होता.

यातलं मी तिला त्या संध्याकाळी दोनच गोष्टी सांगितल्या: क्राउथरच्या मुलींची आणि 'स्क्रिप्ट'च्या कागदाची. मग विचारलं, काकांनी कुठे कुठे क्लिक केलं ते आठवतंय का? तिला सगळं आठवत होतं. "तोफ उडेल असं वाटलं असेल त्यांना," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसली. "आणि माझी तोफ काहीच बोलली नाही."

आपल्या समाजात मुलांना मिळणारे अभिप्राय दोनच प्रकारचे असतात. घरात पाहुणे असले की "वा, छान!" आणि पाहुणे गेले की "यापेक्षा चांगलं करता आलं असतं." परदेशात वाढणाऱ्या मुलांना तर पहिल्याचाच मारा जास्त होतो, कारण मुलीने किल्ला केला, मराठी पाट्या लिहिल्या, याचंच आपल्याला भरून येतं. ते भरून येणं खोटं नसतं. पण तिने खेळ केला होता, आणि खेळ खेळला जावा एवढीच तिची अपेक्षा होती. काकांनी तो दहा मिनिटं खरोखर खेळला. आम्ही बाकीचे तिचं कौतुक करत होतो, खेळाकडे आमचं लक्षच नव्हतं.

काकांची परतीची वेळ यायच्या आधीच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेली. मीही होतो. या वेळी तिने माउसला हात लावला नाही. शेजारी वही घेऊन बसली आणि काका काय करतात ते लिहीत गेली. तोफेवर क्लिक केल्यावर आता पाटी येत होती: 'आत काहीतरी चमकतंय, पण अंधार आहे.' काका "हां!" म्हणाले आणि मशाल शोधायला लागले. किल्ली मिळाली, चोरदरवाजा उघडला.

पुढच्या भुयारात ते पुन्हा अडकले. तिने मान खाली घातली, आणि वहीत लिहिलं.