नृत्योपचाराचा उगम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नृत्याला मानसोपचारात स्थान मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः नर्तिकांकडे जाते. डेनिशॉन परंपरेत शिकलेल्या मॅरियन चेस यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात या कार्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धामुळे मानसिक आघात झालेल्या सैनिकांचा प्रश्न तीव्र झाला होता; तीव्र मनोविकारांवरील प्रभावी औषधे मात्र १९५० च्या दशकातच उपलब्ध झाली. अशा काळात चेस अबोल रुग्णांना वर्तुळात एकत्र आणीत व त्यांच्याच हालचाली स्वतःच्या देहातून प्रतिबिंबित करीत. परिणामी, शब्द खुंटले तेथे देहाच्या माध्यमातून संवाद शक्य झाला. १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशनची स्थापना होऊन चेस तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. रुग्णास नृत्य शिकविण्यापेक्षा त्याच्या हालचालीस प्रतिसाद देणे, हेच या उपचारपद्धतीचे मूलतत्त्व होय.