न्हाणीघरातली कसर

रात्री न्हाणीघरातला दिवा लावला की एखादी चंदेरी कसर सुळकन फटीत शिरते. हिचा इतिहास मोठा आहे बरं का! १६६५ साली रॉबर्ट हुकने 'मायक्रोग्राफिया'त सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या कसरीचं चित्र छापलं, पुस्तकं खाणारा किडा म्हणून. १७५८ साली लिनियसने तिच्या नावात साखर घातली: 'लेपिस्मा सॅकॅरिना'. खळ, डिंक, साखर हेच तिचं खाणं. कीटकांना पंख फुटण्याआधीच वेगळी झालेली ही शाखा. ती माझ्या एका फवाऱ्याने थोडीच संपणार? पण ओल गेली की तिचं बस्तान उठतं. म्हणून मी फरशी कोरडी ठेवतो, खिडकी उघडतो, फटी बुजवतो. भिंतीपलीकडेच आजोबांची पुस्तकं आहेत. ती वाचायची राहिलीत अजून.