समुद्रसर्प, पीतोदर
इलॅपिडी कुलातील एक विषारी सागरी सर्प. शास्त्रीय नाव हायड्रोफिस प्लॅटुरस. बहुतेक समुद्रसर्प किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहून तळाशी भक्ष्य शोधतात. ही जाती मात्र खुल्या महासागरात आयुष्य काढते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ती आढळते. इतका विस्तृत प्रसार दुसऱ्या कोणत्याही सापाचा नाही. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर तिची नोंद आहे.

कार्ल लिनीअस यांनी १७६६ मध्ये या सापाला अँग्विस प्लॅटुरा असे नाव दिले. नंतर दीर्घकाळ त्याची गणना पेलॅमिस या स्वतंत्र वंशात होत असे. आनुवंशिक पुराव्यांवरून २०१३ मध्ये तो हायड्रोफिस वंशात घालण्यात आला.

पाठ काळी, पोट पिवळे आणि शेपूट वल्ह्यासारखे चपटे असते. पोटावरील रुंद खवले लोपल्याने जमिनीवर तो असहाय ठरतो. प्रसूतीही पाण्यातच होऊन जिवंत पिले जन्मतात. नाकपुड्यांना झडपा असतात. फुप्फुस जवळजवळ अवस्करापर्यंत लांबलेले असते; शिवाय गरजेच्या ऑक्सिजनापैकी ३३ टक्क्यांपर्यंत भाग त्वचेतून घेता येतो, असे जे. बी. ग्रॅहॅम यांनी १९७४ मध्ये दाखविले. प्रवाहांच्या सीमेवर जमणाऱ्या फेसाच्या व काडीकचऱ्याच्या पट्ट्यांत तो निश्चल तरंगतो. आसऱ्यासाठी लहान मासे त्याच्याखाली गोळा होतात व तेच त्याचे भक्ष्य बनतात. अंग घासण्यास खडक नसल्याने तो स्वतःच्या शरीराची गाठ मारून कात व अंगावर चिकटलेले प्राणी काढून टाकतो.

खाऱ्या पाण्यात राहूनही त्याच्या रक्तातील लवणांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळच कमी असते. हा समतोल कसा राखला जातो, हा जुना प्रश्न. १९७१ मध्ये डब्ल्यू. ए. डन्सन व त्यांचे सहकारी यांना जिभेखाली लवण ग्रंथी आढळली. तिच्यामुळे या सापाला गोड्या पाण्याची गरज उरत नाही, हा समज त्यानंतर पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. तो टिकला नाही. हार्वे लिलीव्हाइट व सहकाऱ्यांनी कोस्टा रीकाच्या किनाऱ्याजवळ पकडलेल्या सापांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कोरड्या ऋतूत हे साप निर्जलित होतात. तहानलेले साप समुद्राचे पाणी पीत नाहीत, मात्र गोडे पाणी दिल्यास पितात, असे आढळले. पावसाचे हलके पाणी समुद्रावर काही काळ पातळ थरासारखे राहते; तेच त्यांचे पिण्याचे पाणी असावे. ग्रंथीचे महत्त्व यामुळे नाहीसे होत नाही, तिची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. दीर्घ अवर्षण मात्र भर समुद्रातील या प्राण्यालाही घातक ठरू शकेल.

अटलांटिक महासागरात ही जाती स्थिरावलेली नाही. पनामा संयोगभूमी तयार झाल्यानंतर ती अमेरिकेच्या किनाऱ्यास पोहोचली असावी, तर आफ्रिकेच्या टोकापलीकडे थंड बेंग्वेला प्रवाह तिला अडवितो. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला. पण त्यात गटून हे गोड्या पाण्याचे सरोवर लागते. १९६० नंतरच्या दशकात समुद्रसपाटीवरील नव्या कालव्याची योजना निघाली, तेव्हा हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहिला नाही. आय. रुबिनॉफ व सी. क्रोपाक यांनी १९७० मध्ये प्रयोगांचे निष्कर्ष मांडले : पॅसिफिकमधील भक्षक मासे या सापाला तोंड लावीत नाहीत, अटलांटिकमधील माशांनी मात्र त्याच्यावर हल्ला केला व त्यांतील काही दंशाने मेले. तो कालवा पुढे खणला गेला नाही. [→ साप].