नोकरी बघून डिग्री : जमशेदपूर ते तारापूर

मागच्या महिन्यात माहीमला घरी गेलो होतो. मामेबहीण बारावी सायन्सचा निकाल घेऊन ओटीवर बसली होती. "दादा, मला फिजिक्स आवडतं. पण पप्पा म्हणतात केमिस्ट्री घे, बोईसरला लगेच चिकटशील."

मामाचं चूक नाही. सत्तरच्या दशकात तारापूर एमआयडीसी वाढली, रंगांचे, औषधांचे, रसायनांचे कारखाने आले आणि आमच्याकडे बीएस्सी म्हणजे केमिस्ट्री हे ठरूनच गेलं. कंपनीची बस, तीन शिफ्ट, महिन्याला पगार. मामाचं घर त्यावरच उभं राहिलं.

मग मी तिला तारापूरचीच दुसरी गोष्ट सांगितली. होमी भाभा केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनियरिंगसाठी. वडिलांचा आणि आत्याचे यजमान दोराबजी टाटा यांचा हिशोब सरळ होता: पोरगा शिकून येईल आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात लागेल. १९२८ मध्ये भाभांनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की आपल्याला फिजिक्सच करायचं आहे. वडिलांनी नाही म्हटलं नाही, अट घातली. आधी इंजिनियरिंगला फर्स्ट क्लास आण, मग पुढचा खर्च मी करतो. १९३० मध्ये भाभांनी तो आणला आणि फिजिक्सकडे वळले.

आता तारखा बघा. १९२८ मध्ये न्यूट्रॉनचाही शोध लागलेला नव्हता, तो लागला १९३२ मध्ये. अणू फुटतो हे १९३८च्या शेवटी कळलं. म्हणजे "फिजिक्सला स्कोप काय?" असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर अणुवीज केंद्र हे उत्तर भाभांनाही देता आलं नसतं. तारापूर सुरू झालं १९६९ मध्ये, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. ते बघायला भाभा नव्हते, १९६६ मध्येच विमान अपघातात गेले. ज्या विषयात नोकरी दिसत नव्हती, त्याच विषयामुळे पुढे आमच्या किनाऱ्यावर नोकऱ्या आल्या.

पण ही गोष्ट इथेच सोडली तर ती फसवी होईल. भाभांच्या मागे टाटा होते, आपल्या मागे फार तर एसटीचा पास. फिजिक्स नाही जमलं, तर त्यांच्यासाठी जमशेदपूर होतंच. म्हणून मला या गोष्टीत पत्रापेक्षा वडिलांची अट महत्त्वाची वाटते: हातात एक उभं राहायचं साधन ठेव आणि मग आवडीचं कर.

मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार? मीही प्लेसमेंटचे आकडे बघूनच कॉम्प्युटर घेतलं. चार वर्षांनी बाहेर पडलो तेव्हा नोकरी होती. आज आमच्या टीममध्ये नवीन पोरांची भरती जवळजवळ थांबलीय. आकडा खरा होता, पण त्या वर्षापुरता.

तिला एक रस्ता मात्र दाखवला. भाभांच्याच काळात, १९५७ मध्ये, तुर्भ्याला सुरू झालेलं ट्रेनिंग स्कूल आजही इंजिनियर आणि एमएस्सी झालेले, दोघांनाही घेतं. परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या आहेत, पण दार उघडं आहे.

शेवटी फॉर्मवर मेजर फिजिक्स आणि मायनर केमिस्ट्री लिहिलं. मामाने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "मायनरवर बोईसरला घेतात ना रे?"