जुना खेळ आणि नवा पडदा

यवतमाळ ते मूर्तिजापूर या अडीच फुटी लोहमार्गावरील गाडीस वऱ्हाडांतील लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. तिला १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन ओढीत असे; त्या वर्षीं त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. धूर गेला, शिट्टी बदलली. परंतु गाडी तीच राहिली. उतारूंस इच्छित स्थळीं पोंचविणें हें तिचें कार्य, आणि तें नव्या इंजिनानेंहि साधत होतें. जुन्या यंत्रांत नवा अवयव बसविला तर तें यंत्र तेंच राहतें काय, या प्रश्नाचें उत्तर शकुंतलेपुरतें सोपें आहे. नाणें टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांविषयीं मात्र तें तितकें सोपें नाहीं.

या पेट्यांस लोकप्रियता १९७२ मध्यें अमेरिकेंत ‘पाँग’ या खेळानें मिळाली. त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला मुंबईस दूरचित्रवाणीचें केंद्र सुरू झालें. घरांतील संच आणि खेळाची पेटी या दोहोंचें हृदय एकच होतें, तें म्हणजे पिक्चर ट्यूब. तिचें मूळ ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ मध्यें केलेल्या नळींत आहे. निर्वात कांचेच्या आंत विद्युत्कणांचा झोत सुटतो, चुंबकाच्या बळानें तो वळविला जातो आणि पडद्याच्या आंतील लेपावर आदळून प्रकाश उत्पन्न करतो. एकामागून एक ओळ ओढीत हा झोत सेकंदांत सुमारें ६० वेळां सबंध पडदा रंगवितो.

जपानांतून आलेले १९७८ चे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० चे ‘पॅक-मॅन’ हे खेळ याच कांचेवर घडले. पॅक-मॅनचें चित्र अवघ्या २२४ गुणिले २८८ ठिपक्यांचें. इतक्या थोड्या ठिपक्यांत जीव आणावयाचा, तर ट्यूबचे गुणदोष हाताशीं घ्यावेच लागत. ठिपक्याची कड तिच्यावर किंचित् पसरते, दोन ओळींमध्यें काळी रेघ राहते आणि त्यामुळें ओबडधोबड आकृति डोळ्यांस गोल भासते.

आजचा सपाट पडदा याहून निराळा आहे. त्यांतील ठिपके कारखान्यांतच कायमचे ठरलेले असतात. उभ्या दिशेनें १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर २८८ ओळी भरावयाच्या, तर प्रत्येकीच्या वांट्यास पावणेचार ठिपके येतात. पाऊण ठिपका कोठून आणावयाचा? मग कांहीं ओळी जाड तर कांहीं बारीक होतात, किंवा तीनपट चित्र करून भोवतीं काळी चौकट सोडावी लागते. शिवाय या रूपांतरास थोडा वेळ लागतो. बटण दाबणें आणि चित्र हलणें यांतील तें अंतर कसलेल्या हातास लगेच जाणवतें. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ची गोष्ट तर याहून वेगळी. त्यांत ओळींची चौकटच नसून झोत थेट रेषा काढतो, आणि झाडलेली गोळी ठिणगीसारखी चमकते. तें तेज साध्या सपाट पडद्यावर उतरत नाहीं.

असें असतां सर्वांनीं ट्यूबच कां ठेवूं नये? याचें उत्तर महाराष्ट्राच्याच उद्योगाच्या इतिहासांत आहे. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, रंगीत संच बनवून नांवारूपास आलेल्या व्हिडिओकॉननें २००५ मध्यें थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. ट्यूबचे दिवस अद्याप आहेत, असा तो हिशेब होता. परंतु थोड्याच वर्षांत जगाचा बाजार सपाट पडद्याकडे वळला. पुढें अनेक कारणांनीं कर्जबाजारी झालेली ही कंपनी २०१८ मध्यें दिवाळखोरीच्या प्रक्रियेंत गेली. मोठ्या प्रमाणावर ट्यूब काढणारे कारखाने जगभर बंद झाले. त्यामुळें आज फुटलेली प्रत्येक ट्यूब शिल्लक सांठ्यांतून कायमची वजा होते. जी टिकते तिचेंहि तेज वापरानें मंदावतें. तिच्या कांचेंत शिसें असतें, आणि आंतील हजारों व्होल्टचा दाब संच बंद केल्यावरहि कांहीं काळ जीवघेणा ठरूं शकतो.

म्हणून निवड खेळ पाहूनच करावयास हवी. मुलांच्या रोजच्या हाताळणींतील पेटीस सपाट पडदा योग्य. तो हलका, थंड आणि सहज बदलतां येणारा आहे. परंतु रेषांनीं काढलेले खेळ, किंवा झोताच्या वेळेवरून नेम ओळखणारे बंदुकीचे खेळ, यांस ट्यूबच हवी. शकुंतलेचें इंजिन हें गाडी ओढण्याचें साधन होतें. येथें कांच ही चित्राचाच एक भाग आहे. सपाट पडद्यानें खेळणें टिकतें, ट्यूबनें पाहणें टिकतें.

ट्यूबइतकेंच तिचें ज्ञानहि दुर्मिळ होत आहे. तालुक्याच्या गांवीं संच उघडून, विद्युत्भार सुरक्षितपणें उतरवून चित्र सरळ करणारे कारागीर एकेकाळीं सहज भेटत. त्यांची विद्या बहुतांशीं हातांत होती, पुस्तकांत नव्हती. माळ्यावरचा जड संच भंगारांत घालण्यापूर्वीं अशा एखाद्या जाणत्या हातास तो दाखविला, तर निदान एका जुन्या खेळाचें खरें रूप आणखी कांहीं वर्षें डोळ्यांसमोर राहील.