गण कुणाचा?

पंचायत समितीची निवडणूक लागली की पाटणात सकाळपासून रिक्षावरचा भोंगा सुरू होतो. ‘आपल्या गणाचे लाडके उमेदवार’ अशी हाळी स्टँडपासून कोयनेच्या पुलापर्यंत फिरत राहते. अशाच एका सकाळी शेजारची दहावीतली पोर विज्ञानाचं पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आली. “काका, क्लोरीनचा गण सतरा, मग बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन सातच कसे?” काखेत संस्कृतची वही होती. ती उघडी पडली, तर पानावर लिहिलेलं: नृत्, गण ४.

एका सकाळी तीन गण! उमेदवाराचा, क्लोरीनचा आणि नाचण्याचा. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

तिला सांगितलं, सतरातून दहा वजा कर. पहिल्या दोन गणांत गणाचा आकडा तोच संयुजा इलेक्ट्रॉनचा आकडा; तेरा ते अठरामध्ये दहा वजा करायचे; मधल्या तीन ते बारांना हा सोपा हिशेब लागू नाही. अठरातला हेलियम तर दोनच इलेक्ट्रॉन घेऊन बसलाय. पूर्वी ही वजाबाकी नव्हती. क्लोरीन सरळ सातव्या गणात असे, पुढे अ किंवा ब. पण युरोपात ज्याला अ म्हणत त्याला अमेरिकेत ब म्हणत. हा घोळ मिटवायला १९८८ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एक ते अठरा अशी सरळ मोजणी सुचवली. घोळ मिटला, वजाबाकी पोरांच्या गळ्यात आली.

मेंडेलीव्हचा मूलद्रव्यांचा तक्ता १८६९ चा आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला. म्हणजे गण आधी आणि त्याचं कारण मागून. त्यानं मूलद्रव्यं उभ्या रांगेत बसवली ती पकड पाहून: दोन सोडियमला मिळून एक ऑक्सिजन, एका मॅग्नेशियमला एक, दोन ॲल्युमिनियमला तीन. १८७१ च्या तक्त्यात रांगांच्या डोक्यावर असली ऑक्साइडची सूत्रंच आहेत. त्या पकडीमागे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन असतात, हे रसायनशास्त्रज्ञ लुईसनं १९१६ मध्ये मांडलं. इतिहास एवढाच.

माझा जीव अडकलाय तो त्याच १८७१ च्या तक्त्यातल्या रिकाम्या घरांत. तिथं बसणाऱ्या, अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांना मेंडेलीव्हनं नावं दिली एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हा ‘एक’ आपलाच, संस्कृतातला. एका-ॲल्युमिनियम १८७५ मध्ये गॅलियम म्हणून सापडलं, एका-बोरॉन १८७९ मध्ये स्कँडियम, एका-सिलिकॉन १८८६ मध्ये जर्मेनियम. पण पीटर्सबर्गच्या रसायनशास्त्रज्ञाला संस्कृत कुठून सुचलं? भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांचं म्हणणं असं, की त्याच शहरात ऑटो बोटलिंक होता, पाणिनीची अष्टाध्यायी छापणारा आणि संस्कृतचा प्रचंड कोश करणारा. त्याच्या ओळखीतून मेंडेलीव्हनं आपल्या वर्णमालेची आडवी-उभी मांडणी पाहिली असावी. विरोधक म्हणतात, ‘एक’ हा नुसता सोयीचा आकडा. त्रिकुटं आणि अष्टकं रसायनवाल्यांनी आधीच मांडली होती, त्यांना पाणिनी कशाला हवा?

विरोधकांचं निम्मं मला पटतं. तक्ता रसायनातूनच आला. पण नाव ठेवायची पद्धत बघा. पाणिनीय परंपरेत क्रियापदांच्या धातूंच्या गणाला नाव मिळतं ते पहिल्या ओळखीच्या धातूवरून: भू आणि मागचे ते भ्वादि, दिव् आणि मागचे ते दिवादि. मेंडेलीव्हही अनोळखी पाहुण्याला वरच्या ओळखीच्याचं नाव देतो. ॲल्युमिनियमादीच म्हणा ना! वर्णमालेपेक्षा मला हा धागा जास्त पक्का वाटतो. किपार्स्की काय म्हणतील ते म्हणोत.

आता आपला मराठी गण. हिंदीवाले समूह किंवा वर्ग म्हणतात. आमच्याच जिल्ह्यातल्या वाईतून निघालेला मराठी विश्वकोश चक्क ‘गट’ लिहितो, आणि त्याचे प्रमुख संपादक कोण होते, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी! संस्कृत पंडिताच्या कोशात गट आणि शाळेच्या पुस्तकात गण. आपला गण संस्कृतातून आला, या माझ्या सिद्धांताला याहून मोठा धक्का नाही. (जिल्हा परिषदेनं दोन्ही सांभाळले: एका गटाचे दोन गण.) पत्रिकेतले देवगण-राक्षसगण पुढे करणारेही भेटतात, पण तिथं तीनच खाने, आकडा नाही. क्रमांकाचा गण मराठी शाळेत आधीपासून एकाच ठिकाणी होता, संस्कृतच्या तासाला: पहिला, चौथा, सहावा, दहावा. पुस्तक लिहिणाऱ्या मास्तरांनी तो तिथूनच उचलला, हे मी पैजेवर सांगतो.

आणि उचलला तो फार नेमका. नृत् आणि ति यांच्या मधे ‘य’ येतो, नृत्यति. वद्‌च्या मधे ‘अ’, वदति. चुर्‌च्या मधे ‘अय’, चोरयति. मधे काय बसतं त्यावर बहुतेकदा गण ठरतो आणि गणावरून रूप. इलेक्ट्रॉनचं काय वेगळं आहे?

पोरीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हायड्रोजन? सर म्हणाले, त्याची जागा नक्की नाही. इलेक्ट्रॉन एक म्हणून पहिला, एकच कमी म्हणून सतरावा.”

मी तिचीच वही उलटी करून भ्रम् दाखवला. भ्रमति, गण १. भ्राम्यति, गण ४.